वडिलांना ‘डिजिटल अटक’ करून १८ लाख नेले: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक, घरी एकटेच असतात. सोमवारी त्यांना ‘ट्राय’च्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नावाने फोन आला, मग ‘मुंबई क्राइम ब्रँच’चा व्हिडिओ कॉल. तीन दिवस त्यांना कॉलवर बसवून ठेवलं आणि दोन आरटीजीएसमधून १८ लाख रुपये पाठवायला लावले. मुलीला हे आज सकाळी कळलं. ती विचारते, पैसे परत मिळतील का, बँक जबाबदार आहे का, आणि आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या माणसाला हे कळलं कसं नाही?

आधी हातातलं काम. तक्रार अजून नोंदवली नसेल तर हे वाचणं थांबवा आणि १९३० ला फोन लावा. लाइन लागली नाही तर लावत राहा, दुसऱ्या कुणाला सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर बसवा आणि तिसऱ्या माणसाला बँकेच्या शाखेत पाठवा. तिन्ही कामं एकाच वेळी व्हायला हवीत. एक झालं की दुसरं, असं करू नका.

घाई का, ते सांगतो. वडिलांनी पाठवलेले पैसे त्या टोळीच्या खात्यात गेलेले नसतात. ते एखाद्या विद्यार्थ्याच्या, मजुराच्या किंवा बंद पडलेल्या दुकानाच्या नावावरच्या भाड्याच्या खात्यात जातात. तिथून काही मिनिटांत त्यांचे तुकडे होतात: पाच खाती, मग वीस खाती, मग एटीएममधून रोख किंवा क्रिप्टो. १९३० ला तक्रार नोंदली की ती एका समाईक यंत्रणेतून थेट बँकांकडे जाते. पहिल्या खात्यात पैसे असतील तर ती बँक तेवढ्या रकमेवर लियन लावते, म्हणजे खातेदाराला ती रक्कम काढता येत नाही. पैसे पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला इशारा जातो, तिथूनही सरकले असतील तर त्याच्या पुढच्या. ही तुमच्या आणि त्यांच्यातली शर्यत आहे, आणि पहिले काही तास सगळ्यांत मोलाचे. पण तीन दिवस उलटले म्हणून हात टेकू नका. मोठी रक्कम लगेच रोखीत काढणं त्यांनाही जमत नाही, त्यामुळे काही भाग मधल्या खात्यांत अडकलेला सापडतो. वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये खोटी सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना फसवलं होतं. त्यांतले सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले.

फोन करताना समोर काय असावं? दोन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र ओळख क्रमांक), तारीख, वेळ, रक्कम, आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा क्रमांक व आयएफएससी. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो, एनईएफटीचा १६, यूपीआयचा १२ आकडी. पासबुकात किंवा एसएमएसमध्ये तो कधी तुटक दिसतो, म्हणून शाखेतून पूर्ण लिहून घ्या. एक अक्षर चुकलं तर माग काढणं अडतं. ही चूक लोक घाबरलेल्या हाताने करतात, तेव्हा दुसऱ्या कुणाकडून तरी ताडून घ्या. तक्रार नोंदली की एसएमएसवर पोच क्रमांक येतो. त्याच्या आधारे २४ तासांच्या आत पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची असते. बरेच जण फोन झाला की काम झालं असं समजतात आणि नेमकी हीच पायरी राहून जाते.

शाखेत तोंडी सांगून निघू नका. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळही घ्या. बँकेला कधी कळलं, हा पुढच्या सगळ्या भांडणाचा पाया आहे.

पुरावा जपा. फसवणाऱ्यांचा नंबर ब्लॉक करण्याआधी आणि चॅट पुसण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या: कॉलची यादी, प्रोफाइल फोटो, त्यांनी पाठवलेलं ‘अटक वॉरंट’, खाते क्रमांकाचे मेसेज. व्हॉट्सअॅपवर आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू आहेत का, ते आधी पाहा. ते चालू करून ठेवण्याची त्यांना सवय असते. त्यांनी फोनवर एखादं स्क्रीन दाखवणारं अॅप किंवा एपीके फाइल टाकायला लावली असेल तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा आणि नेटबँकिंगचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. फोन फॉरमॅट मात्र करू नका, तोही पुरावाच आहे.

आता पोलीस. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने ती सोय दिली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो, म्हणून ‘साहेब नाहीत’ असं ऐकायला मिळेल. तपास साहेब करतील, फिर्याद आज घ्या, असं शांतपणे सांगा. फिर्यादीत सरकारी नोकराची बतावणी (भारतीय न्याय संहिता कलम २०४), तोतयेगिरीने फसवणूक (कलम ३१९) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड ही कलमं लागतात का, ते विचारा. नोंद घ्यायला सरळ नकार मिळालाच तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना किंवा शहर असेल तर आयुक्तालयाला लेखी कळवा. त्यानंतरचा रस्ता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो.

काही रक्कम गोठल्याचं कळलं की लोकांना वाटतं, आता ती आपोआप खात्यात येईल. लियन म्हणजे परतावा नव्हे. ती रक्कम सोडवण्यासाठी साधारणपणे न्यायालयात अर्ज करावा लागतो, आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली होतो. तपास अधिकाऱ्याचा अहवाल अनुकूल असेल आणि त्या रकमेवर दुसऱ्या कुणाचा दावा नसेल तर काम फार अवघड नाही, पण पाठपुरावा तुम्हालाच करायचा आहे. कुठल्या बँकेत किती रक्कम अडकली आहे याची यादी तपास अधिकाऱ्याकडून घ्या आणि दर आठवड्याला विचारत राहा.

बँकेच्या जबाबदारीबद्दल स्पष्ट सांगतो, कारण खोटी आशा दिली की माणूस चुकीच्या दारात महिने घालवतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठं संरक्षण दिलं: चूक ग्राहकाची नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान त्याच्यावर येत नाही. पण हे ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुमच्या वडिलांनी स्वतः शाखेत जाऊन फॉर्मवर सही केली. फसवून का होईना, व्यवहार त्यांच्या हातून झाला, आणि बँक हाच मुद्दा पुढे करील. तरी दोन जागा तपासायला हव्यात. तुम्ही कळवल्यानंतरही बँकेने हालचाल केली नाही, असं काही झालं का? आणि ज्या बँकेत पैसे गेले तिथे ते खातं कसं उघडलं गेलं, त्याची खातरजमा नीट झाली होती का? यांपैकी काही आढळलं तर आधी बँकेकडे तक्रार करा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

हे झालं आजचं काम. आता तुमचा तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

मी बरीच वर्षं बँकेच्या काउंटरवर आणि नंतर फसवणुकीच्या तक्रारी हाताळणाऱ्या विभागात काम केलं. आता अशा कुटुंबांना कागदपत्रं करायला मदत करतो. फसलेल्यांत डॉक्टर पाहिले, निवृत्त अधिकारी पाहिले, खुद्द बँकेत आयुष्य गेलेली माणसं पाहिली. ही फसवणूक अडाणीपणावर चालत नाही. ती माणसाला एकटं पाडण्यावर चालते. कायद्याला मानणारा, अब्रूला जपणारा, आजवर पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला माणूस तर तिच्यात जास्त लवकर सापडतो, कारण त्याला गमावण्यासारखं पुष्कळ असतं.

कॉल कसा चालतो बघा. सुरुवात रेकॉर्ड केलेल्या आवाजाने होते: ‘दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार आहे, माहितीसाठी ९ दाबा.’ किंवा तुमच्या नावाचं कुरियर पकडलं असून त्यात पासपोर्ट आणि अमली पदार्थ सापडलेत. समोरची बाई अगदी नम्र असते. ती आधार क्रमांकाचे शेवटचे आकडे, पत्ता, जन्मतारीख स्वतःच सांगते. ही माहिती कुठूनतरी फुटून बाजारात आलेली असते, पण ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं ठाऊक आहे म्हणजे सरकारच असणार. मग ती म्हणते, ‘काका, तुमच्या आधारवर कुणीतरी सिम घेतलेलं दिसतंय, तुम्ही पोलिसांत तक्रार द्या, मीच लाइन जोडून देते.’ इथे पकड बसते. कारण आता वडील आरोपी म्हणून नव्हे, तक्रारदार म्हणून व्हिडिओ कॉलवर जातात. समोर खाकी वर्दी, मागे बोधचिन्ह, वॉकीटॉकीचा आवाज. दहा मिनिटांत सूर पालटतो: एका मोठ्या मनी लाँडरिंग प्रकरणात तुमच्या नावाचं खातं सापडलं, तुम्ही संशयित आहात. मग दुसरा ‘साहेब’ येतो, समजूतदार आवाजाचा: ‘सर, तुम्ही निर्दोष दिसता. तुरुंगात न्यायचं नसेल तर घरीच आमच्या निगराणीखाली राहा. राष्ट्रीय गुप्ततेचं प्रकरण आहे. मुलांना सांगितलंत तर तीही अडकतील.’

तुमच्या वडिलांनी तीन दिवस तुम्हाला का सांगितलं नाही, त्याचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. ते तुम्हाला वाचवत होते.

पुढे झोप मोडतात, कॅमेरा रात्रभर चालू ठेवायला लावतात, दर तासाला ‘हजेरी’ घेतात. दुसऱ्या दिवसापर्यंत माणसाचं विचार करणंच थांबतं. मग ठेवींची यादी मागतात आणि सांगतात, पैसे ‘तपासणीसाठी रिझर्व्ह बँकेच्या खात्यात’ पाठवा, पडताळणी झाली की ४८ तासांत परत. रिझर्व्ह बँक तुमच्याआमच्यासारख्यांची बचत खाती ठेवत नाही, हे तुमच्या वडिलांना एरवी एका क्षणात सुचलं असतं.

काउंटरवर अशी माणसं मला कशी दिसली, ते सांगतो. मुदत ठेव पिकायला चार महिने राहिलेत आणि मोडताना व्याज किती कापलं जाईल, हे विचारतही नाहीत. फोन खिशात, पण स्क्रीन उजळलेली, कॉल चालूच. कशासाठी हवेत एवढे पैसे, असं विचारलं की उत्तर तयार असतं, ‘नातीच्या लग्नासाठी’, आणि ते नजर चुकवून, जरा जास्तच पटकन येतं. ते उत्तर त्यांना शिकवलेलं असतं. बँकेत काम करणाऱ्या कुणी हे वाचलं तर एवढं करा: कॉल चालू असताना तोंडाने काही विचारू नका. कागदावर लिहा, ‘तुम्हाला कुणी पोलीस म्हणून फोन केलाय का?’ आणि कागद त्यांच्यापुढे सरकवा.

ओळखायचं कसं, याचं माझं उत्तर छोटं आहे. लोगो, इंग्रजी, वर्दी, फोन नंबर यांवर विसंबू नका, कारण या सगळ्याची नक्कल होते. बँकांचे व्यवहारविषयक कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत, अशी व्यवस्था ट्रायने केली आहे. ती उपयोगी आहे, पण केवळ नंबर पाहून विश्वास टाकू नका. आवाजाचंही तसंच. मुलाच्या आवाजात रडणारा फोन आता यंत्राने बनवता येतो. पण एक गोष्ट त्यांना टाळताच येत नाही: ‘कुणाला सांगू नका आणि फोन ठेवू नका.’ खरा पोलीस, खरी बँक, खरं न्यायालय तुम्हाला वकिलाशी किंवा घरच्यांशी बोलू नका, असं कधीच सांगत नाही. ज्या क्षणी गुप्तता आणि घाई एकत्र येतात, त्या क्षणी समोरचा कुणीही असो, फोन ठेवायचा आणि आपल्या माणसाला लावायचा. साहेब खरा असेल तर त्याचं काही बिघडत नाही.

कायद्याचं बळही पाठीशी असू द्या. व्हिडिओ कॉलवरून अटक ही तरतूद आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करावा लागतो, कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. चौकशीला हजर राहण्याची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीससुद्धा पोलिसांनी व्हॉट्सअॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. त्याच न्यायालयाने अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या पत्रावरून या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. त्या जोडप्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवले होते. कागदावर शिक्का आहे म्हणून तो खरा, असं समजायचे दिवस गेले.

तोतयेगिरीचे बाकीचे प्रकार याच ओळीतले. साहेबांचा फोटो लावून ‘मीटिंगमध्ये आहे, लगेच पैसे पाठव’ असा मेसेज, मित्राच्या हॅक झालेल्या खात्यावरून आलेली मागणी, वीज तोडण्याची धमकी. उपाय एकच: त्यांनी दिलेल्या नंबरवर नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर परत फोन करा. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही.

वडिलांच्या बाबतीत पुढच्या पंधरवड्यात काही गोष्टी उरकून घ्या. संचार साथी पोर्टलवर त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते पाहा, अनोळखी असतील ती बंद करायला सांगा. आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करा. क्रेडिट रिपोर्ट काढा, तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो पाहाच, कारण या टोळ्या बळी पडलेल्या माणसाच्याच नेटबँकिंगमधून झटपट कर्ज उचलून तेही पाठवायला लावतात, आणि ते हप्ते सुरू झाल्यावरच उघडकीला येतं. नेटबँकिंगची आणि यूपीआयची रोजची मर्यादा त्यांच्या खर्चापुरती खाली आणा. पण हे सगळं त्यांना विचारून करा. त्यांच्या हातून कार्ड आणि पासबुक काढून घेतलं तर त्यांना अटक झाल्यासारखंच वाटेल, आणि या वेळी ती घरच्यांनी केलेली असेल.

‘एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?’ हा प्रश्न त्यांना विचारू नका. भावाला, आत्याला, शेजाऱ्यांनाही विचारू देऊ नका. पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा लाजेने माणसं जास्त खचतात, आणि त्यातून जिवाचं बरंवाईट करून घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. ते जेवत नसतील, झोपत नसतील, गप्प गप्प असतील तर काही दिवस त्यांना एकटं ठेवू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. त्यांच्याशी बोलताना एवढंच सांगा की तुम्ही कळवलंत म्हणून आपल्याला तक्रार करता आली.

आणखी एक धोका जवळच उभा आहे. येत्या काही आठवड्यांत त्यांना किंवा तुम्हाला फोन येईल: ‘तुमचे पैसे सापडलेत, सोडवण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरा.’ बोलणारा सायबर सेलचा अधिकारी, वकील किंवा पैसे परत मिळवून देणारा तज्ज्ञ असल्याचं सांगेल. त्याच्याकडे तुमच्या तक्रारीचे तपशीलही असतील, कारण एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. पैसे परत देण्यासाठी कुठलंही पोलीस ठाणं किंवा बँक आगाऊ शुल्क घेत नाही. असा फोन आला तर त्याचा नंबर आणि वेळ त्याच पोच क्रमांकाच्या हवाल्याने तपास अधिकाऱ्याला कळवा.

जबाबासाठी बोलावणं येईल तेव्हा तुम्ही सोबत जा. त्याआधी आज संध्याकाळीच वडिलांजवळ बसून तीन दिवसांचा क्रम त्यांच्याच शब्दांत लिहून काढा: कुणाचा फोन कधी आला, कुणी काय नाव सांगितलं, शाखेत किती वाजता गेले, तिथे कुणाशी बोलले. दोन दिवसांनी हे तपशील पुसट होतात. मूळ फोन, आधार, खात्याचा उतारा, शिक्का मारलेल्या अर्जाची प्रत आणि स्क्रीनशॉटचा पेनड्राइव्ह एका पिशवीत ठेवा. पोलिसांनी फोन तपासासाठी ठेवून घेतला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्या. सिम त्यातच जात असेल तर त्याच दिवशी कंपनीकडून दुसरं सिम काढा, कारण बँकेचे सगळे एसएमएस त्याच नंबरवर येत राहणार आहेत.